रामेछाप ते लुक्ला: वीस मिनिटांचं उड्डाण आणि त्यासाठी राखून ठेवायचे दिवस

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक ठरला की पुण्या-मुंबईच्या ग्रुपवर आधी थंडीची चर्चा होते, मग विरळ हवेची, मग बुटांची. तारखा मात्र कोलमडतात त्या या तिन्हींमुळे नाही. त्या कोलमडतात मंथली आणि लुक्ला (जिथून ट्रेकची चाल सुरू होते) या दोन छोट्या विमानतळांच्या मध्ये. नकाशावर हे अंतर सरळ रेषेत सुमारे ७३ किलोमीटर आहे, म्हणजे पुणे-लोणावळ्याच्या रस्त्याहून थोडंसंच जास्त. विमान ते १५ ते २० मिनिटांत कापतं. तरीही या टप्प्यासाठी जाताना दोन आणि येताना दोन असे चार दिवस हाताशी ठेवावे लागतात. ते नेमके कुठे खर्च होतात, हे दिवसागणिक पाहिलं की सुट्टीचा अर्ज नीट लिहिता येतो.

आधी नावांचा घोळ मिटवू. मंथली हे नेपाळच्या रामेछाप जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, तामाकोशी नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून ४७४ मीटरवर. विमानतळ मंथलीत आहे, तिकिटावर मात्र रामेछाप छापलेलं असतं आणि त्याचं सांकेतिक नाव आरएचपी. लुक्लाचं एलयूए, काठमांडूचं केटीएम. तिकीट हातात पडताच यातली कोणती अक्षरं आहेत ते पाहा. केटीएम-एलयूए असेल तर सकाळी काठमांडूच्याच विमानतळावर जायचं, आरएचपी असेल तर रात्रीच गाडीत बसायचं. दोन्हींत पाच-सहा तासांचा फरक आहे.

काठमांडूहून लुक्ला सरळ रेषेत साधारण १३५ किलोमीटर, उड्डाण ३० ते ३५ मिनिटांचं. मग थेट तिथूनच का नेत नाहीत? काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच. आंतरराष्ट्रीय जेट, देशांतर्गत विमानं आणि लुक्लाच्या फेऱ्या मारणारी छोटी विमानं, सगळी एकाच रांगेत उभी राहतात. लुक्लाचं हवामान सकाळचे काही तासच साथ देतं आणि त्यातला निम्मा वेळ काठमांडूवर घिरट्या घालण्यात गेला तर फेऱ्या पुऱ्या होत नाहीत. म्हणून २०१९ पासून गर्दीच्या हंगामात, म्हणजे मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ही उड्डाणं मंथलीहून होऊ लागली. अंतर निम्म्यावर आल्यामुळे तेच विमान एका सकाळी जास्त फेऱ्या मारू शकतं. विमानाचा वाचलेला हा वेळ प्रवाशाला रस्त्यावर भरून द्यावा लागतो.

पहिला दिवस: काठमांडू

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढीच पुढे आहे. मोबाइल ती आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही, आणि पहाटेच्या रिपोर्टिंगला ही पाव तासाची चूक महागात पडते. ओळखीसाठी भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. विमानाने नेपाळला जाणाऱ्या प्रौढ माणसाला आधार कार्डावर विसंबता येत नाही. लुक्लाच्या तिकिटाला भारतीयांसाठी वेगळा दर असतो आणि तो याच ओळखपत्रावरून ठरतो, त्यामुळे मूळ कागद अंगावरच्या खिशात हवा, डफलमध्ये (सामानाच्या मोठ्या मऊ बॅगेत) नको.

पुढची गोष्ट तारखेची. १२ तारखेचं उड्डाण असेल तर गाडी १२ तारखेच्या रात्री १ वाजता निघते. आपल्या बोलण्यात ती ११ ची रात्र. ‘१२ ला रात्री निघायचंय’ असा निरोप ग्रुपवर गेला की एखादा हमखास एक दिवस उशिरा निघायच्या तयारीत राहतो. निरोप असा लिहा: ‘शनिवारी संध्याकाळी सातला जेवण, आठला झोप, रात्री साडेबाराला लॉबीत, एकला गाडी.’ वार आणि तास लिहिला की गैरसमजाला जागा राहत नाही.

दुपारभराचं खरं काम म्हणजे वजन. या मार्गावर साधारणपणे माणशी १५ किलो सामान नेता येतं: १० किलो चेक-इनचं, ५ किलो हातातलं. हॉटेलच्या काट्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा घरून ट्रॅव्हलचा हुक असलेला छोटा काटा आणा. हिशेब साधारण असा बसतो: झोपायची पिशवी दीड किलो, पिसांचं जॅकेट पाऊण किलो, थर्मल आणि फ्लीस मिळून दीड, पँट-टीशर्ट-मोजे दोन, औषधं आणि प्रसाधनं एक, रिकामी डफल एक. झाले पावणेआठ. उरलेल्या सव्वादोन किलोंत मराठी ग्रुपचा जीव अडकतो तो फराळात. दिवाळीच्या सुट्टीतली तुकडी असली की चिवडा, चकल्या आणि लाडवांचे डबे निघतातच, आणि एकेका माणसाकडे तीन-तीन किलो भरतात. फराळ जरूर न्या, कारण उंचीवर भूक मरते तेव्हा घरच्या चवीचंच दोन घास पोटात जातं. फक्त स्टीलचा डबा काढून पिशवीत भरा आणि तो सगळ्यांच्या बॅगांमध्ये वाटून टाका. ट्रेकचे बूट आणि जाड जॅकेट अंगावर घाला, किलो-दोन किलो तिथेच सुटतात. घरी परतायचे कपडे हॉटेलच्या सामानघरात नाव लावून ठेवा.

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीत. गॅसची डबी आणि लायटर कुठेच नको. गॅस लुक्लाला आणि ट्रेकच्या वाटेवर त्याच्या वरच्या नामचे गावात मिळतो. रोख पैसे काठमांडूतच काढा: एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे. लुक्ला आणि नामचेला एटीएम आहेत, पण वीज आणि नेटवर्कवर त्यांचा दिवस ठरतो.

आणि एजंटला विचारायचा एकच प्रश्न: ‘आमची फ्लाइट कितवी?’ तिकिटावर सहा वीस किंवा सात पाच अशी वेळ असते, तिला फारसा अर्थ नाही. एकच विमान मंथली-लुक्ला-मंथली अशा चार-पाच फेऱ्या मारतं. पहिली किंवा दुसरी फेरी मिळाली तर त्या दिवशी पोचण्याची शक्यता चांगली. चौथी-पाचवी असेल तर वर ढग यायच्या आत तुमचा नंबर लागेलच असं नाही. तिकीट काढतानाच पहिल्या फेरीसाठी आग्रह धरा, आदल्या दिवशी काही हाती लागत नाही.

दुसरा दिवस, मध्यरात्र ते पहाट: १३० किलोमीटरचा रस्ता

काठमांडूच्या थामेल भागातून निघालेली सुमो किंवा हायएस व्हॅन रिकाम्या रस्त्याने कोटेश्वर, भक्तपूर, बनेपा करत तासाभरात धुलिखेलला येते. इथवर सगळं सोपं असतं. धुलिखेलहून बीपी राजमार्ग खाली उतरायला लागतो. नेपाळचे पहिले निवडून आलेले पंतप्रधान विश्वेश्वरप्रसाद कोइराला यांचं नाव असलेला हा सुमारे १६० किलोमीटरचा रस्ता जपानच्या मदतीने बांधला आणि २०१५ मध्ये पूर्ण झाला. बांधणी उत्तम, पण रुंदी जेमतेम दोन गाड्या एकमेकींना ओलांडतील एवढी, आणि वळणांवर वळणं. भकुंडेबेसीनंतर तो रोशी खोला या नदीच्या काठाने जातो. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस आलेल्या पुरात हाच भाग मोठ्या प्रमाणात वाहून गेला आणि गाड्यांना नदीपात्रातून काढलेल्या कच्च्या वाटांवरून जावं लागलं. त्यामुळे ‘चार तासांत पोचतो’ हे जुनं वाक्य आता धरू नका. पाच तास धरा, आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर सहा-सात, आणि तेव्हा रात्री ११ लाच निघा. रस्ता बंद असेल तर चरीकोटकडून तामाकोशीच्या काठाने खाली येणारी वाट उरते, ती लांबची आहे.

नेपालथोकनंतर सुनकोशी लागते, मुलकोटला चहा-जेवणाची हॉटेलं आहेत, आणि खुर्कोटजवळ सिंधुलीकडे जाणारा रस्ता सोडून मंथलीकडे वळायचं. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी. धुलिखेलला पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही. मागच्या सीटवर तरुणांना बसवा, चाळिशीपुढच्यांना मधल्या रांगेत. ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याने मात्र झोपायचं नाही. दर तासाला दोन शब्द बोलायचे, ‘दाइ, चिया खाने?’ विचारायचं, आणि ड्रायव्हरचे डोळे जड झालेले दिसले तर गाडी थांबवायला सांगायची. नेपाळीत चहा ‘खातात’. या एका प्रश्नाने गाडी थांबते आणि माणूसही खुलतो.

इथे आमचं स्पष्ट मत. पन्नाशीच्या पुढचे लोक किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हा रात्रीचा प्रवास करूच नका. आदल्या दिवशी सकाळी निघून उजेडात मंथली गाठा आणि तिथेच झोपा. राहण्याची सोय साधी आहे: थोडी लॉज, हंगामात तंबू. गाव ४७४ मीटरवर, नदीच्या खोऱ्यात, त्यामुळे मे महिन्यात उकाडा आपल्या कोकणासारखा लागतो. पण अख्खी रात्र जागून, उलट्या करून, मग त्याच सकाळी २,८४५ मीटरवर जाऊन चालायला लागणं हे शरीरावर तिहेरी ओझं आहे. पुढे नामचेला डोकं धरतं तेव्हा त्याची सुरुवात कित्येकदा या जागरणात आणि कमी प्यायलेल्या पाण्यात असते.

दुसरा दिवस, सकाळ: मंथलीचा काटा

पहाटे पाचच्या सुमारास विमानतळाच्या फाटकाबाहेर दोन-तीनशे माणसं उभी असतात. डफलांचे ढीग, कपाळावर विजेऱ्या, चहाच्या टपऱ्यांचा धूर. फाटक उघडलं की गर्दी आत लोटते. सगळ्यांनी धावायचं नाही. गाइड सगळी ओळखपत्रं आणि तिकिटं घेऊन काउंटरला लागतो, बाकीच्यांनी सामान एका जागी राखायचं.

काट्यावर डफल ठेवली जाते, आकडा थरथरत १०.४ वर थांबतो. काउंटरवरचा माणूस वर पाहतो, मग हातातली पिशवीही ठेवायला सांगतो. १५.९. इथे वाद घालण्यात अर्थ नाही. जास्तीच्या किलोचे पैसे भरता येतात, पण पैसे भरले म्हणजे ते सामान तुमच्याच विमानात येईल असं नाही. वर जागा नसेल तर डफल पुढच्या फेरीला जाते, आणि पुढची फेरी कधी होईल हे आभाळ ठरवतं. म्हणून औषधं, एक गरम जॅकेट आणि टोपी हातातल्या पिशवीतच हवी. वजनाचा हा काटेकोरपणा पैशांसाठी नसतो, त्याचं कारण पुढे लुक्लाच्या धावपट्टीवर कळतं.

बोर्डिंग पासवर सीट नंबर नसतो. आत पोचणारा पहिला माणूस हवी ती जागा घेतो. जाताना डावी खिडकी धरा, हिमशिखरं उत्तरेला म्हणजे डावीकडे दिसतात. येताना उजवी.

मग सुरू होतं थांबणं. मंथलीचं आभाळ निळं दिसत असतं आणि तरी विमान उडत नाही, याने माणसं चिडतात. पण या वीस मिनिटांसाठी एकाच वेळी तीन ठिकाणी वर मोकळं असावं लागतं. एक, मंथली: नदीकाठचं सकाळचं धुकं विरलेलं हवं. दोन, मधली धार: तामाकोशी आणि दूधकोशीच्या खोऱ्यांमध्ये लामजुराची रांग आडवी येते, तिथली खिंडच ३,५३० मीटरवर आहे. विमानाला ४७४ मीटरवरून उठून दहा-बारा मिनिटांत तिच्या वर जावं लागतं. तीन, लुक्ला: तिथे उपकरणांच्या आधाराने ढगातून उतरण्याची सोय नाही, वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसायलाच हवी. तिघांपैकी एक जरी झाकलेलं असेल तर विमान उभंच. शेवटी कुठूनतरी शब्द येतो, ‘लुक्ला खुल्यो’, म्हणजे लुक्ला उघडलं, आणि क्षणात सगळे पाठीवर पिशव्या चढवतात.

विमान बहुतेकदा ट्विन ऑटर, कधी डॉर्नियर किंवा एल-४१० असतं. प्रवासी डझन-दीड डझन. आत मान वाकवून शिरायचं. हवाई सेविका कापसाचे बोळे आणि गोळ्या वाटते. कापूस कानांत घाला, इंजिनांचा आवाज मोठा असतो. गोळी चघळा, ट्विन ऑटरच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला नसतो आणि चढताना कान बंद होतात. वैमानिकांच्या आणि तुमच्या मध्ये बंद दार नसतं, समोरच्या काचेतून येणारी दरी सगळ्यांना दिसते.

दुसरा दिवस: ५२७ मीटर

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आहे. पुण्याची अडीच किलोमीटर. आणि ती सपाट नाही, ११.७ टक्के चढाची आहे. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सुमारे ६० मीटरची उंची, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी. खालच्या टोकाला दरी, वरच्या टोकाला भिंत आणि मागे डोंगर. त्यामुळे उतरायचं नेहमी चढावर आणि उडायचं नेहमी उतारावर, वारा कुठूनही असो.

२,८४५ मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भरते. पंखांना तेवढीच उचल मिळवायची तर विमानाचा प्रत्यक्ष वेग सुमारे १५ टक्के जास्त लागतो. वेग १५ टक्क्यांनी वाढला की थांबवायची ऊर्जा जवळपास एक-तृतीयांशाने वाढते. ही ऊर्जा ५२७ मीटरांत जिरवण्याचं बरंच काम चढ करतो, बाकीचं ब्रेक आणि पात्यांचा कोन उलटा केलेले पंखे. प्रत्येक जास्तीचा किलो या हिशेबात येतो. मंथलीच्या काट्यावरच्या नऊशे ग्रॅमसाठी माणूस वर का पाहत होता, ते इथे समजतं.

दुसरी अडचण वाऱ्याची. ऊन चढलं की खोऱ्यातली हवा तापून दूधकोशीच्या वरच्या दिशेने वाहू लागते. उतरणारं विमानही त्याच दिशेने येत असतं, म्हणजे वारा पाठीमागून. पाठीचा वारा वेगात भर घालतो, आणि ठरावीक मर्यादेपुढे उतरणं बंद. त्याच सुमारास खोऱ्यातून ढगही वर सरकतात. सकाळी सहा ते दहा ही वेळ चांगली, अकरानंतर आशा पातळ होते, दुपारी क्वचित काही उडतं. आणि एकदा विमान अंतिम टप्प्यात शिरलं की समोर डोंगर असल्यामुळे परत उचलून फेरा मारायला जागा नाही. ८ ऑक्टोबर २००८ रोजी धुक्यात उतरताना एक विमान धावपट्टीच्या अलीकडे आदळलं, १९ पैकी १८ माणसं गेली, एकटे कॅप्टन वाचले. म्हणून वैमानिक अर्ध्या वाटेवरून विमान मंथलीला परत आणतो तेव्हा त्याच्यावर नाराज होऊ नका. त्याने योग्य तेच केलेलं असतं.

ही पट्टी १९६४ मध्ये एडमंड हिलरींनी स्थानिक शेर्पांकडून जमीन घेऊन बांधवली, दवाखाने-शाळांचं सामान वर नेता यावं म्हणून. माती पुरेशी घट्ट बसेना तेव्हा शेर्पांना एकमेकांच्या हातांत हात घालून पाय आपटत नाचायला बोलावलं होतं, रोलर नव्हताच. डांबर पडलं ते २००१ मध्ये. २००८ पासून नाव तेनझिंग-हिलरी विमानतळ.

विमान टेकतं, जोरात आवाज होतो, चढावर वेग झपाट्याने मरतो आणि वरच्या छोट्या सपाट चौकात ते उजवीकडे वळून थांबतं. बऱ्याचदा दोन्ही इंजिनं पूर्ण बंदही होत नाहीत. काही मिनिटांत सामान उतरतं, परतीचे प्रवासी चढतात. फोटोसाठी रेंगाळू नका, पंख्यांच्या बाजूला जाऊ नका, कर्मचारी दाखवील त्याच वाटेने बाहेर पडा. फोटो तारेच्या कुंपणाबाहेरून, वरच्या पायवाटेवरून छान येतात.

मंथलीहून वीस मिनिटांत जवळपास २,३७० मीटर वर आलेलो असतो. म्हणून लुक्लात चहा-नाश्ता, लिटरभर पाणी आणि मग फाकदिंगकडे. आठ किलोमीटर, तीन-साडेतीन तास, आणि फाकदिंग २,६१० मीटरवर म्हणजे लुक्लापेक्षा खाली. पहिली झोप खालच्या उंचीवर होते, शरीराला उसंत मिळते. डफल मागे राहिली असेल तर सगळा ग्रुप थांबवू नका. एक पोर्टर लुक्लात ठेवा, सामान आलं की तो संध्याकाळपर्यंत घेऊन येतो.

दुसरा दिवस, विमान उडालं नाही तर

हे लिहिणं गरजेचं आहे, कारण दर हंगामात हे घडतं. अकरा वाजून गेले, लुक्ला उघडत नाही, काउंटरवर ‘आज क्यान्सल’ असं सांगतात. गर्दी ओरडायला लागते. पुढच्या तासाभरात जे शांतपणे कामाला लागतात, त्यांचं नुकसान कमी होतं.

आधी हे समजून घ्या की उद्या तुमचा पहिला हक्क नाही. उद्याचं पक्कं तिकीट असलेल्यांना आधी पाठवतात, रद्द झालेले बहुतेकदा त्यांच्यानंतर किंवा जादा फेरीत. सलग दोन दिवस बंद राहिलं की रांग दुप्पट होते आणि हवामान सुधारल्यावरही निचरा व्हायला दिवस लागतो. त्यामुळे गाइडने ताबडतोब काउंटरवर जादा फेरीसाठी नावं लिहून घ्यावीत आणि दुसऱ्याने मुक्कामाच्या खोल्या धराव्यात. खोल्या दुपारी एकपर्यंत संपतात. काठमांडूला परत जाऊ नका. दोन्ही बाजूंचे दहा-बारा तास जातात आणि पुन्हा तीच रात्र जागावी लागते.

दुसरा मार्ग हेलिकॉप्टरचा. पाच जण बसतात, पैसे वाटून घेता येतात, भाव त्या दिवसाच्या गर्दीप्रमाणे चढतो. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही, ते वाटेत वळून मागे फिरू शकतं, म्हणून थोड्या खराब हवेत ते निघतं. पण घट्ट ढगात तेही जात नाही. बसण्याआधी तीन गोष्टी ठरवा: दर माणशी की पूर्ण हेलिकॉप्टरचा, सामान किती किलो, आणि उतरवणार कुठे. लुक्ला झाकलेलं असेल तर बऱ्याचदा खालच्या सुर्के गावाला उतरवतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सुर्केहून लुक्लाला चढायची गरजही नसते, चौरीखर्कावरून थेट छेप्लुंगला जाता येतं आणि तिथे फाकदिंगची वाट मिळते.

तिसरा मार्ग जमिनीचा. मंथलीहून खुर्कोट, घुर्मी, ओखलढुंगा करत सल्लेरी, आणि तिथून नुनथला, खारीखोलामार्गे सुर्केच्या दिशेने जीपचा कच्चा रस्ता. कोरड्या दिवसांत दोन दिवस जीप आणि वर अर्धा-एक दिवस चाल. पावसात हा रस्ता चिखलाचा असतो, तेव्हा नाव काढू नका.

आमचा नियम साधा आहे: मंथलीत दोन सकाळी द्यायच्या. दुसऱ्या सकाळी अकरा वाजता निर्णय, हेलिकॉप्टर किंवा जीप. तिसऱ्या सकाळची वाट पाहणारे पुढे कमी दिवसांत ट्रेक उरकायला नामचे किंवा त्याच्या वरच्या दिंगबोचे गावातला विश्रांतीचा दिवस कापतात, आणि कापण्यासाठी सगळ्यांत चुकीचे दिवस तेच. बेस कॅम्प हुकला तरी चालेल, वाटेतल्या तेंगबोचेहून मागे फिरा, पण उंचीशी जुळवून घेण्याचा दिवस कापू नका. रद्द तिकिटाचे पैसे मिळतात, उशिरा मिळतात. हॉटेल, गाडी आणि पोर्टरचे मात्र आपल्याच खिशातून जातात. तेवढी रक्कम वेगळी बांधून ठेवा. आणि विम्यात हेलिकॉप्टरने सुटका किती मीटरपर्यंत धरली आहे ते निघण्याआधी वाचा.

परतीची आदली दुपार: लुक्ला

वरचे अकरा-बारा दिवस हा वेगळा विषय. परतताना लुक्लाला दुपारी दोन-तीनपर्यंत पोचा. उडायच्या आदल्या दुपारी एअरलाइनच्या गावातल्या ऑफिसात नाव पक्कं करायचं असतं. हे काम सहसा लॉजचा मालक करतो. त्याच्याकडे तिकीट आणि ओळखपत्राची प्रत द्या, संध्याकाळी जेवताना विचारा, ‘दाइ, हाम्रो कतिऔं फ्लाइट?’ म्हणजे आमची कितवी फेरी. एप्रिल-मेमध्ये जंगलांच्या वणव्यांचा धूर आणि दुपारी लवकर येणारे ढग, ऑक्टोबरच्या सुरुवातीला रेंगाळलेला पाऊस. नोव्हेंबर यातला सगळ्यांत भरवशाचा.

परतीची सकाळ

पहाटे साडेपाचला सामान काट्यावर. धावपट्टीच्या कडेचा, वारा दाखवणारा कापडी मोजा ढिला लोंबत असेल तर बरं वाटतं. आधी मंथलीहून आलेल्या विमानाचा आवाज खोऱ्यातून ऐकू येतो, मग ते दिसतं. उडताना विमान वरच्या टोकाला ब्रेक धरून उभं राहतं, इंजिनं पूर्ण ताकदीवर जातात, सांगाडा थरथरतो, आणि ब्रेक सुटताच उतारच त्याला वेग देतो. अर्ध्या मिनिटाच्या आत जमीन संपते आणि खाली दूधकोशीचं खोरं असतं.

मंथलीला उतरलं की अंगावरचं जॅकेट काढायची घाई होते, वर दोन-चार अंश असतात आणि खाली पंचवीसच्या पुढे. गाडी आधीच ठरवलेली हवी, आणि ड्रायव्हरचा नंबर गाइडच्या फोनमध्ये. आयत्या वेळी गाडी मिळते, पण दुप्पट भावात. दिवसाच्या रहदारीत काठमांडूला सहा-सात तास धरा. त्याच संध्याकाळचं मुंबईचं तिकीट काढू नका, दुसऱ्या दिवसाचंही नको. लुक्लाहून उड्डाण १४ ला असेल तर घरचं तिकीट १७ चं, म्हणजे मध्ये दोन सकाळी हाताशी राहतात. हवामानाने साथ दिली तर त्या पाटण आणि भक्तपूरसाठी. मुलकोटला डाळ-भात, धुलिखेलला शेवटचा चढ, आणि कोटेश्वर चौकातली गर्दी ओलांडून थामेलला पोचेपर्यंत दिवे लागलेले असतात.